चमक पूर्ण

प्राण्यांच्या बागेत दिवसाढवळ्या रात्र करून ठेवलेली एक इमारत होती, आणि त्या रात्रीचा धनी होता बोका. बोका म्हणजे माणूसच, पंचावन्नच्या पुढचा, पोट सुटलेला, मिशा पांढऱ्या झालेला रखवालदार. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कुणाच्या तरी तोंडी यायचं. एरवी साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्याला बोका म्हणत, अगदी तोंडावर, आणि त्याला ते मनापासून आवडायचं.

इमारतीचं नाव रात्रघर. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत चांदण्याएवढाच उजेड. बाग बंद झाली की संध्याकाळी आतले मोठे दिवे लागत, म्हणजे प्राण्यांचा दिवस उजाडे आणि ते झोपी जात. सकाळी ते दिवे मालवले की त्यांची रात्र सुरू होई आणि ते उठून फिरायला लागत, तिकीट काढून आलेल्या लोकांना जागे दिसावेत म्हणून. प्राण्यांना असं उलटं टांगायची युक्ती कुणा हुशार माणसाने काढली होती. प्राणी बिचारे फसत, आणि फसल्याचं त्यांना कळत नसल्यामुळे सुखी असत.

आत जायला दोन दारं होती आणि त्या दोन दारांच्या मध्ये एक लहान खोली, बाकडं टाकलेली. पहिलं दार लावून घ्यायचं, बाकड्यावर बसायचं आणि डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यायची, मगच दुसरं दार उघडायचं. रात्रघरातले लोक याला ‘डोळे मुरू देणं’ म्हणत. न मुरलेल्या डोळ्यांनी आत जाणारा माणूस बोक्याच्या लेखी अडाणी. आणि बहुतेक सगळे अडाणीच असत. लोक उन्हातून तडक आत घुसायचे, काचांना नाकं लावायचे, आणि ‘रिकामंच आहे, पैसे उकळायचे धंदे’ असं म्हणत दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचे. काचेपलीकडे हातभर अंतरावर उदमांजर बसलेलं असायचं आणि ते या लोकांना नखशिखांत न्याहाळत असायचं. बोका कोपऱ्यात उभा राहून गालातल्या गालात हसायचा.

बोका हे नाव त्याला पडलं त्याला कारण होतं. फार वर्षांपूर्वी एकदा वीज गेली आणि रात्रघरातलं ते चांदणंसुद्धा विझलं. आत शाळेची सहल होती. पोरं रडायला लागली, बाई त्यांच्याहून जास्त. बोक्याने दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडाच्या एका रेघेवर सगळ्यांना हाताला हात धरून बाहेर काढलं, एकही पोर कुठे आपटलं नाही. तेव्हाचे साहेब म्हणाले, हा माणूस नाही, बोका आहे. एवढं कौतुक त्याचं आयुष्यात दुसऱ्या कुणी केलं नव्हतं, त्याच्या लग्नातसुद्धा नाही.

मधल्या खोलीत जो कुणी शहाण्यासारखा बसून राही त्याला बोका डोळ्यांची गोष्ट सांगायचा. तो म्हणायचा, डोळ्यात दोन पाळ्या असतात. दिवसपाळीला रंग दिसतात, बारीक अक्षर दिसतं, पण दिवा जरा मंद झाला की ती मंडळी डबा उचलून घरी जातात. रात्रपाळीला रंग नाही, अक्षर नाही, पण उजेडाचा कण मिळाला तरी ती त्यावर भागवते. फक्त उठायला आळशी. नीट कामाला लागायला अर्धा तास घेते, आणि कुणी मध्येच मोबाइल पेटवला की पुन्हा पांघरूण घेऊन आडवी होते. घुबडाचे डोळे तर एवढे मोठे की खोबणीत फिरायला जागाच नाही, म्हणून ते बापडं मान फिरवतं. आणि मांजर, कोल्हा यांच्या डोळ्यात पडद्यामागे आरसा असतो. जो उजेड आत जाताना हातून निसटला तो आरशावर आपटून परत येतो, आणि डोळ्याला तो धरायची दुसरी संधी मिळते. त्यातूनही उरलेला बाहेर पडतो, तीच चमक. मग ऐकणारा हमखास विचारायचा की माणसाच्या डोळ्यात आरसा नसतो का. बोका म्हणायचा, नाही, आपल्याला एकदाच.

या चमकेवरच त्याचं काम चालायचं. रोज सकाळी मोठे दिवे मालवल्यावर डोळे मुरवून तो आत जाई. हातात जाड फडकं गुंडाळलेला छोटा दिवा. तो दिवा गालाला लावून धरायचा, कारण चमक जिथून उजेड आला तिथेच परत जाते, दिवा लांब धरला तर दिसत नाही. मग एकेका कप्प्यासमोर उभं राहायचं आणि अंधारात दोन टिकल्या पेटल्या की त्या सारख्या आहेत का ते बघायचं. एक मोठी एक लहान, एक स्वच्छ एक धुरकट, असं काही दिसलं तर डोळ्यात दुखणं शिरतंय असं समजायचं आणि लगेच डॉक्टरीणबाईंना बोलवायचं. सगळं ठीक असलं की भिंतीवरचा फोन उचलून कचेरीत दोन शब्द सांगायचे, ‘चमक पूर्ण’. तिकडून ‘बरं’ म्हणत आणि बागेची दारं उघडत.

शेवटच्या कप्प्यात ठकी होती. ठकी ही कोल्हीण. रस्ता खोदणाऱ्या मजुरांना गटारात सापडलेलं, डोळेही न उघडलेलं पिल्लू त्यांनी बागेत आणून दिलं, आणि कुणीतरी ते बोक्याच्या हातात ठेवलं. कापसाच्या बोळ्याने दूध पाजून आणि सदऱ्यात छातीशी धरून त्याने ते जगवलं. जरा मोठी झाल्यावर दिलेला मांसाचा तुकडा ती गुपचूप पुरून ठेवायची आणि उपाशी चेहरा करून दुसरा मागायला यायची, म्हणून नाव ठकी. नवराबायकोला मूलबाळ नव्हतं. बायको चेष्टेने विचारायची, आज तुमची लेक जेवली का, आणि तो खरोखरच सांगत बसायचा की काय जेवली.

मग एक वर्ष असं आलं की रात्रघरातले दिवे त्याला जुने झाल्यासारखे वाटायला लागले. त्याने वीजवाल्याच्या मागे लागून ते बदलून घेतले. वीजवाला शिडीवरून उतरत म्हणाला, काका, मी काढले तेही नवेच होते. त्यानंतर बोका अर्ध्या तासाऐवजी तासभर मधल्या खोलीत बसायला लागला. डोळे काही मुरेनात.

त्याला हे काय आहे ते आतून ठाऊक होतं. त्याच्या आईला दिवेलागणीनंतर दिसत नसे. एकत्र घर होतं, आणि जावा-नणंदा संध्याकाळी तिची बसायची खुर्ची हळूच सरकवून ठेवायच्या, ती पडली की आंधळी कोशिंबीर म्हणून हसायच्या. आईसुद्धा उठून हसायची. ते हसणं बोक्याला जन्मभर विसरता आलं नाही.

बायकोला घेऊन तो लांबच्या गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला, ओळखीचं कुणी भेटायला नको म्हणून. डॉक्टर भला होता. त्याने गोडीने सांगितलं की हे रक्तातून येतं, अंधारात बघणाऱ्या पेशी आधी मरतात, मग कडेचं दिसेनासं होतं, आणि यावर औषध नाही. परतीच्या बसमध्ये बोका बायकोला म्हणाला, माझी रात्रपाळी राजीनामा देऊन गेली गं. ती हसली नाही. तिने खिडकीबाहेर बघितलं.

तिचं म्हणणं सरळ होतं की साहेबांना सांगून टाका, दुसरं काम देतील. देतील याची बोक्यालाही खात्री होती. हरणांकडे टाकतील, नाहीतर कासवांकडे. उन्हात उभा राहून पाला टाकणारा आणखी एक रखवालदार, आणि लोक एकमेकांना कोपर मारून सांगतील, हा बघ, बोका, याला रात्रीचं दिसत नाही. आईची खुर्ची त्याच्या डोळ्यांपुढे यायची. आणि ठकी? ती दुसऱ्या कुणाच्या हातून खात नसे. तिच्याकडे कोण बघणार? ही सबब त्याने बायकोला सांगितली, स्वतःलाही सांगितली. वाईट एवढंच की सबब चांगली होती. झाकली मूठ तशीच झाकलेली राहिली, आणि बायको रोज संध्याकाळी भाजीच्या निमित्ताने हातात विजेरी घेऊन बसथांब्यावर उभी राहू लागली. भाजीवाली एकदा म्हणाली, तुम्ही फार भाजी खाता बाई.

आत तो पायांनी बघायला शिकला. कठडा कुठे वळतो, कोणत्या फरशीचा कोपरा निघालाय, कप्प्यातलं लाकूड कुठे, पाण्याचं भांडं कुठे, सगळं त्याने तळपायात पाठ केलं. संध्याकाळच्या पाळीला त्याने सक्त ताकीद दिली की धुवायचं ते धुवा, पण वस्तू जागची हलता कामा नये. त्यांना वाटलं म्हातारा शिस्तीचा आहे. कानही तयार झाले. साळिंदराचे काटे वाजतात, वटवाघळं पंख आवरताना फडफडतात, उदमांजराचा वासच सांगतो. बाहेरचा कुणी आला तरी भीती नव्हती, कारण आलेल्याचे डोळे मुरलेले नसत आणि त्याला बोक्यापेक्षाही कमी दिसे. वासरात लंगडी गाय शहाणी, तसं त्याचं तीन वर्षं चाललं.

ठकीच्या कप्प्याशी तो सर्वात शेवटी जायचा. लाकडावर तिची नखं वाजत, मग तिचा तो उग्र वास येई, मग जाळीपाशी गरम श्वास. तो दिवा गालाला लावायचा, ती तोंड वर करायची. त्याला फडक्यातल्या दिव्याचा एक पिवळट डाग दिसे आणि पलीकडे काहीच नाही. पहिल्या दिवशी त्याने फोन दोनदा उचलून परत ठेवला होता. पुढे पुढे ‘चमक पूर्ण’ हे नुसते शब्द झाले. उजेडात तिला बघावं म्हटलं तर मोठे दिवे लागले की ती बिळात शेपटीत तोंड खुपसून झोपलेली असायची, आणि तोवर याची जायची वेळ झालेली असायची. उजेडात तिचे डोळे मिटलेले, अंधारात याचे असून नसल्यासारखे.

मग सुताराने घोळ घातला. ठकीच्या बिळाची फळी सुटली होती ती ठोकायला तो संध्याकाळी येऊन गेला, आणि वाटेत येतं म्हणून कप्प्यातलं आडवं लाकूड त्याने वीतभर सरकवलं ते तसंच ठेवून गेला. सकाळी बोका मांसाचं भांडं आणि फडक्यातला दिवा घेऊन आत शिरला आणि त्याचा गुडघा लाकडावर दाणकन आदळला. भांडं घरंगळत गेलं. सुताराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत तो गुडघा धरून उभा राहिला.

भांड्याच्या आवाजाने ठकी बिळातून निघाली. रोजच्या वाटेने नखं वाजत आली, आणि तोच आवाज झाला. दाणकन. त्याच लाकडावर. मग घशातल्या घशात एक कण्हणं, आणि मग पंजाने चाचपडणं, लाकूड कुठून कुठवर आहे ते.

बोक्याचं शिव्या देणं थांबलं. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता, तीन वर्षं तो त्याच्याच गुडघ्यांचा होता. डोळस कोल्हीण लाकडाला आपटत नाही. तो खाली बसला, हाताने चाचपत त्याने तिची हनुवटी धरली, आणि दिव्यावरचं फडकं ओढून काढलं. रात्रघरात उघडा दिवा कुणी कधी लावला नव्हता. उदमांजर पळालं, वटवाघळांनी गोंधळ मांडला. त्या लख्ख उजेडात त्याच्या दिवसपाळीला सगळं स्वच्छ दिसलं. ठकीचे डोळे बाहेर आले होते, दोन्ही, निळसर, धुकं भरल्यासारखे. दिवा वीतभर अंतरावर होता आणि तिने पापणी हलवली नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि कामाला चोख. दवाखान्यातल्या टेबलावर त्यांनी ठकीला तपासलं आणि सांगितलं की काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढत जातो, आधी एका डोळ्यात, मग दुसऱ्यात. सुरुवातीला एक बाहुली मोठी राहते, म्हणून एक टिकली मोठी चमकते. तेव्हा हाती लागलं असतं तर औषधाने निदान दुसरा डोळा राहिला असता. आता दोन्ही गेले होते, आणि दुखणं असं की माणूस भिंतीवर डोकं आपटून घेईल. डोळे काढून टाकता आले असते, पण ठकी म्हातारी झाली होती, तिची मूत्रपिंडंही थकली होती, ती भुलेतून उठणार नव्हती. साहेबही आले. तिला फार दिवस असं ठेवणं बरं नाही, हे तिघांनाही पटलं. म्हणजे दोघांना पटलं आणि बोका काही बोलला नाही.

टेबलाच्या कडेला उभ्या उभ्या त्याला सगळं उलगडत गेलं. ठकीचं आंधळेपण कुणाच्या लक्षात का आलं नाही? कारण ती कशालाच आपटत नव्हती. आपटत का नव्हती? कारण तिच्या कप्प्यातली एकही वस्तू कधी जागची हलत नव्हती. त्याने स्वतःच्या पायांसाठी जे पाठ केलं तेच तिनेही पाठ केलं होतं. रोज सकाळी तो दिवा गालाला लावून तिच्याकडे तोंड करायचा आणि ती त्याच्या वासाकडे तोंड करायची. ती आपल्याला बघते आहे असं त्याला वाटायचं. तिला काय वाटत होतं कोण जाणे. दोन आंधळे एकमेकांसमोर उभे राहात होते आणि त्यातला एक जाऊन फोनवर सांगत होता की सगळं ठीक आहे.

सुई द्यायच्या वेळी त्याने तिला धरलं. तिने त्याच्या गळ्याशी हुंगलं आणि पिल्लू असताना घालायची तसं नाक सदऱ्याच्या दोन गुंड्यांमध्ये घातलं. ते तिथेच राहिलं. डॉक्टरीणबाईंनी थोड्या वेळाने हलकेच त्याचे हात सोडवले.

त्याला वाटलं होतं की आता ओरडा बसेल. तो त्याची वाटच बघत होता. पण साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाले की बोक्याच्या नजरेतून सुटलं म्हणजे हे दोन-तीन दिवसांतच झालं असणार. बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, काही वेळा अचानकही होतं, पुस्तकात आहे तसं. बोक्याला दिसलं नाही ते कुणालाच दिसलं नसतं, असं दोघांनी मिळून ठरवून टाकलं.

साहेब गेल्यावर बाई हात धूत होत्या. बोका त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.

“बाई, मला अंधारात दिसत नाही.”

“काका, आज घरी जा तुम्ही.”

“तीन वर्षं झाली. मी चमक बघतच नव्हतो. मला दिसतच नाही.”

बाईंनी नळ बंद केला. त्यांचे स्वतःचे डोळे भरलेले होते. त्या म्हणाल्या, “असं स्वतःला लावून घेऊ नका. लेकीसारखी होती तुमची, कळतं मला. पण तुमचे डोळे नाहीत म्हणता, मग आमचे कुठले?”

त्याला आणखी सांगता आलं असतं. मधल्या खोलीत चला, दिवा मालवा, समोर किती बोटं धरता ते विचारा, असं म्हणता आलं असतं. पाच मिनिटांचं काम होतं. त्याने ते म्हटलं नाही. सांगायचं होतं ते सांगून झालं, आता खरं मानणं न मानणं त्यांच्यावर, असं मनाशी म्हणत तो पायऱ्या उतरला, आणि उतरताना त्याला थोडं हलकं वाटलं. त्याची त्याला इतकी किळस आली की तो तिथेच पायरीवर बसला.

संध्याकाळी बायको थांब्यावर होती. घरापर्यंतच्या वाटेवर त्याने तिला सगळं सांगितलं. ती विजेरीचा उजेड त्याच्या पायांपुढे धरून चालत होती.

“मग त्या काय म्हणाल्या?” तिने विचारलं.

“त्यांना खरं वाटलं नाही.”

“मग उद्या पुन्हा सांगा. खरं वाटेपर्यंत सांगा.”

दाराशी आल्यावर ती म्हणाली, “अहो, बाकीची जनावरं आहेत ना तिथे अजून.” आणि कुलूप काढायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे दिवे मालवले गेले. बोका मधल्या खोलीत बाकड्यावर बसला आणि डोळे मुरण्याची वाट बघत राहिला, मुरणार नाहीत हे माहीत असून. मग आत गेला. उदमांजराचा वास आला. साळिंदराचे काटे वाजले. घुबडं गप्प होती, ती नेहमीच गप्प असत. शेवटच्या कप्प्यापाशी पाय आपोआप थांबले, आणि दिवा गालाला लागल्यावर त्याच्या लक्षात आलं की आत कुणी नाही. दिव्याचा पिवळट डाग कालच्यासारखाच होता. ठकी होती तेव्हा दिसायचं तेवढंच आताही दिसत होतं.

फोन वाजला. रोज तो करायचा, आज उशीर झाला म्हणून कचेरीतून आला होता. पलीकडचा माणूस जपून, मायेने बोलत होता. म्हणाला, काका, घाई नाही, पण दाराशी लोक थांबलेत, काय सांगू?

बोक्याने तोंड उघडलं. बायकोचे शब्द ओठांपर्यंत आले होते. अंधारात कुठेतरी एक जनावर त्याच्याकडे बघत असेल, डोळे शाबूत असतील तर.

“चमक पूर्ण,” तो म्हणाला.

“बरं,” तिकडून आलं, आणि बागेची दारं उघडली.